पाहणाऱ्याची शाळा : पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली

फाल्गुन सरत येतो, शाळेच्या वार्षिक परीक्षांची धामधूम सुरू होते आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या हैदराबाद शहरातील झाडे बोलू लागतात. कडुनिंबाला मोहोर येतो, काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले उमलतात आणि त्या फुलांतील मध चाखण्यासाठी साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते. भर दुपारी तांबट पक्ष्याचा एकसुरी टुक-टुक आवाज ऐकू येतो. जणू दूर कोठेतरी कोणी तांब्याच्या भांड्यावर हातोडी चालवीत आहे. पहाटे दयाळ गातो आणि पाडव्याच्या आगेमागे कोकिळाचा स्वर चढत जातो. परीक्षेच्या चिंतेत बुडालेल्या पालकांना आणि पाल्यांना हे सारे ऐकू येते. परंतु ते ऐकले जातेच असे नाही.

आजची मुले वन्यजीवांविषयी अजाण आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. दूरचित्रवाणीच्या कृपेने आफ्रिकेतील सिंह, ध्रुवावरील पेंग्विन, ॲमेझॉनच्या अरण्यातील रंगीत पोपट त्यांच्या दिवाणखान्यात येऊन गेले आहेत. तेथील निवेदकांनी सांगितलेली माहिती ती घडाघडा सांगतात. ही जाण मोलाचीच आहे. परंतु वर्गाच्या खिडकीबाहेर पेरूच्या झाडाची पाने शिवून घरटे करणाऱ्या टीचभर शिंप्याचे नाव विचारले, तर बहुतेक वर्ग शांत होतो. पडद्यावरचा पक्षी दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी पाहिलेला असतो. अंगणातला पक्षी आपला आपणच पाहावा लागतो. हे पाहणे शिकता येते का, आणि शिकवता येते का? या प्रश्नाचे उत्तर एका आयुष्यात फार स्पष्टपणे मिळते. ते आयुष्य म्हणजे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. जेमतेम एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे होतात न होतात तोच आईचेही छत्र हरपले. पोरक्या झालेल्या या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी नेले व पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. घर मात्र नातेवाइकांच्या मुलांनी सदैव भरलेले असे.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळी सुखवस्तू घरांत हा शौक सर्रास असे आणि त्यात कोणास वावगे वाटत नसे. मामांनी भाच्याच्या हाती छऱ्यांची एअरगन दिली. चिमण्या हे तिचे पहिले लक्ष्य ठरले. पुढे ज्या माणसाने आयुष्यभर पक्ष्यांचा कैवार घेतला, त्याची पक्ष्यांशी पहिली ओळख अशी बंदुकीच्या नळीतून झाली, ही गोष्ट आपल्याला आज खटकते. परंतु त्या वयातही या मुलामध्ये एक वेगळेपण होते. तबेल्यातील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंडी उबवीत असे आणि नर बाहेर एका खिळ्यावर बसून राखण करीत असे. मुलाने लपून नर टिपला. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. सात दिवसांत त्याने तेथे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. दुसऱ्या एखाद्या मुलाने मारलेल्या चिमण्यांची संख्या मित्रांना ऐकवून बढाई मारली असती. या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने मात्र घडलेली हकीगत जशीच्या तशी टिपून ठेवली. अनेक दशकांनंतर ती नोंद छापली गेली, तेव्हा चिमण्यांच्या वर्तनाविषयीचे एक अस्सल निरीक्षण म्हणून तिला मोल आले. कृत्य क्रूर होते. नोंद प्रामाणिक होती. पाहिले ते लिहून ठेवावे, ही सवय जडली ती अशी.

याच काळात एके दिवशी एक चिमणी पडली. ती नेहमीसारखी दिसत नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी खाण्यास चालेल की नाही, असा प्रश्न मुलाला पडला आणि तो ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ती कोणती हे ठाऊक नव्हते.

शिक्षिका या नात्याने या प्रसंगापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. मोठ्या माणसाला उत्तर येत नाही, हा प्रसंग प्रत्येक घरात आणि प्रत्येक वर्गात रोज येतो. अशा वेळी ‘असेल काहीतरी’ म्हणून विषय संपविणे सर्वांत सोपे. अमिरुद्दीन यांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ मध्ये आठ हौशी निसर्गप्रेमींनी स्थापन केलेली ही संस्था तोवर चांगली नावारूपाला आली होती. मामांनी संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे एक ओळखपत्र लिहिले आणि मुलाला मेलेल्या चिमणीसह तिकडे पाठविले.

तो काळ डोळ्यांसमोर आणावा. इंग्रजांचे राज्य. साहेबाच्या कचेरीत पाऊल टाकताना मोठ्यांचेही पाय लटपटावेत असे दिवस. कागदात गुंडाळलेला एवढासा पक्षी घेऊन एक भारतीय मुलगा बिचकत बिचकत मिलार्डसाहेबांपुढे उभा राहिला. मिलार्ड यांनी चिमणी निरखून पाहिली आणि तिची ओळख सांगितली : ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी. एवढे सांगून त्यांनी मुलाला वाटेला लावले असते तरी काम झाले होते. परंतु ते उठले आणि त्यांनी संस्थेच्या संग्रहाचे खण एकामागून एक उघडून दाखविले. त्या खणांत भारतभरातून गोळा केलेले, भुसा भरून जतन केलेले पक्षी ओळीने मांडलेले होते. जगात एवढ्या प्रकारचे पक्षी असतात, हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथम समजले. मिलार्ड यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. त्यांत ‘ईहा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचे मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरील पुस्तकही होते. पक्ष्यांचे नमुने कसे जतन करावेत, हे शिकविण्याची व्यवस्थाही त्यांनी लावून दिली. हे मिलार्ड स्वतः व्यवसायाने मद्यविक्रीच्या एका पेढीचे व्यवस्थापक होते. निसर्ग हा त्यांचा छंद होता. एका व्यापाऱ्याने एका पोरक्या मुलासाठी आपला थोडा वेळ खर्च केला आणि भारताला त्याचा पक्षितज्ज्ञ मिळाला.

यानंतरची कथा मात्र गुणवंत विद्यार्थ्याची नाही, हे पालकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. शाळेत सलीम यांचे गणिताशी कधीच जमले नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीने इतके बेजार केले की शिक्षणात खंड पडला आणि हवापालटासाठी सिंधमध्ये नातलगांकडे जावे लागले. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण तेथील पहिले वर्षही जड गेले. अखेर शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खनिजाचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. भोवती घनदाट अरण्य, त्यात नाना तऱ्हेचे पक्षी. सलीम यांचे चित्त हिशेबाच्या वह्यांत रमले नाही, यात नवल ते काय? १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. वाणिज्य कायदा आणि हिशेब शिकण्यासाठी त्यांनी दावर महाविद्यालयात नाव घातले. पण त्यांचा खरा ओढा कशाकडे आहे हे सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी ओळखले आणि त्यांना प्राणिशास्त्र शिकण्यास प्रवृत्त केले. सकाळी हिशेब आणि त्यानंतर प्राणिशास्त्र, असा हा दुहेरी अभ्यासक्रम चालला. १९१८ च्या डिसेंबरमध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंदा. आणि काही वर्षांनी तो धंदा बुडाल्यामुळे पुन्हा मुंबई.

वय तिशीकडे झुकले होते. पदवी नव्हती. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा होती. ती विद्यापीठाच्या पदवीअभावी मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर नेमणूक झाली. शाळकरी मुलांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना काचेमागील पक्षी समजावून सांगणे हे त्यांचे काम. दोन वर्षांत त्यांना जाणवले की, आपल्यालाच अजून पुष्कळ शिकायचे आहे. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. स्ट्रेसेमान यांना ते पुढे जन्मभर गुरू मानीत राहिले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा काढतात, तेही त्यांनी तेथे पाहिले.

१९३० मध्ये नवे ज्ञान आणि नवी उमेद घेऊन ते मायदेशी परतले. येथे येऊन पाहतात तो पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली. हाती विद्या होती, नोकरी नव्हती. मुंबईतला खर्च परवडेना म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेली.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा या चरित्राचा भाग येथे सुरू होतो. पावसाळा आला. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी घरटी बांधायला घेतली. बेकार झालेल्या सलीम अलींजवळ एकच गोष्ट मुबलक होती : वेळ. ते रोज तासन्‌तास त्या वसाहतीकडे पाहत बसू लागले. कोणता नर कोठे विणतो आहे, कोणती मादी केव्हा आली, किती वेळ थांबली, कोठे गेली, याच्या नोंदी त्यांनी सतत केल्या.

सुगरण हे नाव आपण स्त्रीलिंगी वापरतो. संसार नेटका करणाऱ्या गृहिणीलाही आपण सुगरण म्हणतो. बहिणाबाईंच्या सुप्रसिद्ध कवितेमुळे पिलांसाठी खोपा विणणारी माउली मराठी मनात कायमची वसली आहे. प्रत्यक्षात गवताचे आणि पात्यांचे धागे काढून तो लोंबता महाल विणतो तो नर. वसंतात आपण जिच्या गाण्याचे कौतुक करतो ती कोकिळाही खरे तर काळाभोर नर कोकिळ असतो. ठिपक्याठिपक्यांची मादी तशी सुरेल साद घालीत नाही. काव्याचे सत्य आपल्या जागी थोरच आहे. बहिणाबाईंनी आईचे कष्ट गायिले आणि ते खरेच आहेत. परंतु झाडाखाली उभे राहून पाहिल्याशिवाय पक्ष्याचे सत्य कळत नाही.

सलीम अलींना किहीमच्या झाडावर जे दिसले ते यापुढचे होते. सुगरणीच्या वसाहतीत पुष्कळशी घरटी अर्धवट सोडलेली आढळतात. नर विरंगुळ्यासाठी झोपाळे बांधतो, अशी त्यांविषयी समजूत होती. त्यांनी पाहिले की, घरट्याला उलट्या टोपासारखा आकार येईपर्यंत नर ते विणतो आणि मग पंख फडफडवीत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून चोचीने धागे ओढून पाहतात. पसंत पडले तर मादी तेथे राहते आणि मग नर लांब नळीसारखे प्रवेशद्वार विणून घरटे पुरे करतो. नापसंत झालेले घरटे तसेच अपुरे लोंबत राहते. मादी अंडी घालून उबवायला बसली की हा नर स्वस्थ बसत नाही. तो शेजारी दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची मनधरणी करू लागतो. एकाच हंगामात एका नराचे असे एकामागून एक संसार मांडले जातात. एकाच झाडाच्या निरीक्षणावर आधारलेला हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि भारताबाहेरच्या शास्त्रज्ञांचेही लक्ष त्याने वेधून घेतले. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागली, ना अनुदान. पुढे मोठमोठे सन्मान लाभलेल्या या माणसाच्या कीर्तीचा पाया बेकारीच्या एका पावसाळ्यात, कोकणातल्या एका घराच्या आवारात घातला गेला.

त्यांच्या यानंतरच्या कामाचा एक धागा थेट आपल्या शहराशी जोडलेला आहे. नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी मी विनावेतन करतो, प्रवासाचा आणि तंबूंचा खर्च तेवढा आपण द्यावा. या पाहण्यांपैकी अगदी आरंभीची पाहणी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील होय. १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली. तेव्हाच्या संस्थानात तेलंगणाबरोबरच आपला मराठवाडा आणि कानडी जिल्हेही होते. तंबू, बैलगाड्या, कच्चे रस्ते, हिवताप अशा परिस्थितीत त्यांनी या प्रदेशातील पक्ष्यांची पद्धतशीर यादी तयार केली आणि ती ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह क्रमशः छापली गेली. आपल्या शहराभोवतीच्या तळ्यांवर आणि खडकाळ टेकड्यांवर आज जे पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन हिंडतात, त्यांच्या आधी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी ही वाट मळलेली आहे. त्यानंतर त्रावणकोर, कोचीन, कच्छ, म्हैसूर असा मोठा मुलूख त्यांनी पायांखाली घातला.

या भटकंतीत तेहमिनाबाई त्यांच्या सोबत असत. शहरी सुखसोयी सोडून तंबूतला संसार त्यांनी आनंदाने केला. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या अकाली गेल्या. सलीम अलींना हा घाव फार खोल लागला. ते बहीण कमू आणि मेहुणे हसन यांच्याकडे राहू लागले आणि पुन्हा विवाह न करता त्यांनी उरलेले आयुष्य पक्ष्यांना वाहिले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीची पुस्तके बहुधा साहेबांनी साहेबांसाठी लिहिलेली होती. या पुस्तकाने सामान्य भारतीय वाचकाच्या हाती रंगीत चित्रांसह पक्ष्यांची ओळख दिली. त्यातील एक युक्ती मला शिक्षक म्हणून फार आवडते. पक्ष्याचा आकार सांगताना सलीम अली मोजपट्टी वाचकाच्या अंगणातून घेतात. हा पक्षी चिमणीएवढा, तो बुलबुलाएवढा, तिसरा साळुंकीपेक्षा थोडा मोठा, चौथा कावळ्याएवढा, पाचवा घारीएवढा. जो वाचक चिमणी आणि कावळा ओळखतो, तो कोणताही पक्षी ओळखण्याच्या वाटेला लागलाच. ज्ञातातून अज्ञाताकडे न्यावे, हे सूत्र आम्ही बी. एड. च्या वर्गात शिकलो. सलीम अलींच्या पुस्तकात ते पानोपानी दिसते. या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. १९६७ मध्ये लईक फतेहअली यांच्यासह त्यांनी नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांवर नॅशनल बुक ट्रस्टसाठी आणखी एक सुबोध पुस्तक लिहिले. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी नभोवाणीवरून त्यांनी पक्ष्यांविषयी भाषणे दिली आणि चित्राविना, केवळ शब्दांनी, श्रोत्यांच्या कानांत पक्षी उभे केले.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या कामाला राष्ट्रीय रूप आले. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ हे पूर्वी संस्थानिकांच्या शिकारीचे ठिकाण. ते कोरडे करून तेथे शेती करावी, असा दबाव वाढला, तेव्हा सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि ते पाणथळ वाचले. तेथे त्यांनी स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालविले. त्या कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला असे. सोव्हिएत देशांतून जेव्हा अशा कड्यांची वार्ता येई, तेव्हा हिवाळ्यात आपल्या तळ्यात पोहणारे बदक उन्हाळा कोठे काढते, याचा पुरावा हाती येई. अमेरिकेतील डॉ. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. पहिला खंड १९६८ मध्ये निघाला तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. दहावा खंड १९७४ मध्ये पुरा झाला. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य जलविद्युत प्रकल्पाखाली बुडू नये म्हणून ज्यांनी आवाज उठविला, त्यांतही ते अग्रभागी होते. ते अरण्य १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.

थोरांची चरित्रे लिहिताना अडचणीची पाने वगळण्याचा मोह होतो. परंतु असे पान वगळणे सलीम अलींच्या शिकवणीशी सुसंगत ठरणार नाही. नमुन्यांसाठी पक्षी टिपणे त्यांनी पुढेही चालू ठेवले. त्या काळच्या शास्त्राची ती गरज होती आणि त्यांनी ती कधी झाकली नाही. दुसरी गोष्ट भरतपूरची. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथे गुरांच्या चराईवर बंदी आली. सलीम अलींचा या बंदीला पाठिंबा होता. गुराख्यांचा रोष उसळला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. पुढे दिसून आले ते असे की, म्हशींची चराई थांबल्यावर पाण्यात गवत बेसुमार माजले आणि पक्ष्यांना हवे असलेले मोकळे पाणी कमी होत गेले. हे दाखवून दिले ते त्यांच्याच संस्थेने तेथे केलेल्या दीर्घ अभ्यासाने. ज्या माणसाने पिढ्यांना डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकविले, त्याच्या मतालाही त्याच्या शिष्यांनी निरीक्षणाची कसोटी लावली. माझ्या मते, गुरूला याहून मोठी गुरुदक्षिणा असू शकत नाही. गावकऱ्यांनी त्यासाठी मोजलेली किंमतही आपण विसरू नये.

मान-सन्मान पुष्कळ आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व. पदवी नाही म्हणून नोकरी नाकारल्या गेलेल्या या माणसाला विद्यापीठांनी आपण होऊन मानद पदव्या दिल्या. आंतरराष्ट्रीय पुरस्कारातून मिळालेली मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र निघाले, तेव्हा त्याच्या नावातही त्यांनी त्या चिमणीलाच स्थान दिले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. आज गोव्यातील चोडण बेटावरील आणि केरळातील तट्टेकाड येथील पक्षी अभयारण्ये त्यांचे नाव धारण करतात. कोइमतूर येथे त्यांच्या नावाची संशोधनसंस्था आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी त्याचा आरंभ होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी समारोप.

हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात अनेक माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद आहे आणि ती आम्हा शिक्षकांना भूषणावह आहे. तरीही गुणपत्रिकेवर ज्यांचे यश उमटले नाही असे विद्यार्थीही याच बाकांवर बसून गेले. सलीम अलींच्या गुणपत्रिका पाहून कोणी त्यांचे भविष्य वर्तविले असते, तर ते साफ चुकले असते. त्यांच्या वाट्याला तीन माणसे आली : उत्तर न येताही प्रश्न पुढे पाठविणारे मामा, खण उघडून दाखविणारे मिलार्ड आणि हिशेबाच्या वर्गातून प्राणिशास्त्राकडे वळविणारे फादर ब्लॅटर. आपल्या मुलांसाठी आपणांपैकी प्रत्येकाला यांपैकी एकाची जागा घेता येईल. त्यासाठी पक्षितज्ज्ञ असण्याची गरज नाही.

पालकांना एक सुचवावेसे वाटते. येत्या वसंतात आठवड्यातून एकदा, ऊन चढण्यापूर्वी, अर्धा तास मुलांसह गच्चीवर किंवा अंगणात बसावे. हाती एक वही असावी. दिसलेला पक्षी चिमणीएवढा होता की साळुंकीएवढा, चोच कशी होती, काय खात होता, किती वाजता आला, एवढे लिहावे. नाव नंतर शोधता येते. दूरचित्रवाणीवरचा सिंह रात्री पाहावा. पहाटेचा दयाळ मात्र तेव्हाच ऐकावा लागतो. आणि एखाद्या दिवशी आपल्या मुलाने मूठभर पिसे किंवा फुटके अंडे हातात धरून हे काय आहे असे विचारले, आणि आपल्याला ते ठाऊक नसले, तर त्याला घेऊन आमच्याकडे शाळेत यावे. आम्हालाही ठाऊक नसेल, तर ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या नावे पत्र लिहून देऊ.